तळ्याकडचं शेवटचं घर

विलायतेहून आल्यापासून सोलापुरात जो भेटतो तो लंडनचं विचारतो. लंडन मी एकच दिवस पाहिलं आणि त्या दिवशी नवा जोडा चावत होता, त्यामुळे लंडनपेक्षा मला माझी टाचच जास्त आठवते. बाकीचे तीन महिने मी इंग्लंडच्या मधल्या मुलखात एका लहान शहरात काढले, आणि त्यातले पुष्कळ दिवस त्या शहराजवळच्या एका खेड्यात. खेड्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आता माझी बहीण राहते. तिथली घरं फार सुंदर आहेत. कॅलेंडरवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर छापतात तशी. ज्यांना ती चित्रं आवडतात आणि पुढेही आवडत राहावीत असं वाटतं, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

माझा धंदा घरांचे नकाशे काढून देण्याचा. नव्या पेठेत जिन्याखाली माझी कचेरी आहे. बहात्तरच्या दुष्काळात आणि त्यानंतरही कुणी घर बांधायला निघेना, टेबलावर धूळ साचली. तेव्हा माझ्या बहिणीनं, सुमननं, तिकीट पाठवलं. सुमन माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मिरजेला नर्सिंग शिकली, बार्शीच्या विलासराव डॉक्टरांशी तिचं लग्न झालं, आणि दोघं इंग्लंडला गेली. तिनं कळवलं होतं, 'दादा, एकदा येऊन जा. तुझ्याकडे एक कामही आहे.' काम काय ते लिहिलं नव्हतं.

कडक भाकरी

विमानतळावर कस्टमच्या माणसानं माझी पिशवी उघडली. आत दोन चादरी, शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चवड. त्यानं एक भाकरी उचलली, उजेडात धरली आणि टेबलाच्या कडेवर वाजवली. कौल वाजावं तशी ती वाजली.

"हे काय?"

"ब्रेड," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा वाजवली. शेवटी मी एक तुकडा मोडून खाऊन दाखवला. तेव्हा त्यानं माझ्याकडे फार दयेनं पाहिलं आणि पिशवी बंद करून दिली.

बाहेर विलासराव उभे होते. "दादा, लई वाळलाय की तुमी!" म्हणाले. बार्शीचा माणूस कितीही मोठा डॉक्टर होवो, त्याचा 'की' सुटत नाही.

त्यांचं बिऱ्हाड इस्पितळाच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, आणि छताखालून इस्पितळाच्या बंबाचा जाड नळ गेलेला. आपल्याकडच्या डॉक्टरांना तिथे नोकऱ्या मिळतात त्या सहा महिन्यांच्या, फार तर वर्षाच्या. मुदत संपली की दुसरं गाव, दुसरं इस्पितळ, दुसऱ्या दोन खोल्या. सुमनच्या स्वयंपाकघरात भिंतीला एकही खिळा नव्हता. आईचा फोटो कपाटावर उभा करून ठेवलेला, तोही दार जोरात लागलं की पालथा पडायचा.

"एक खिळा ठोकून देऊ का?" मी विचारलं.

"ठोकायची परवानगी नाही," ती म्हणाली. "पण आता यांना इथे कायमची जागा मिळाली आहे. आता घर घ्यायचं. तेच तुझं काम. उद्या दाखवते."

गाव

रविवारी आम्ही मोटारीनं निघालो. जुलैचे दिवस. दोन्ही बाजूंना गहू पिवळा झालेला, कुंपणांना पांढरी फुलं. आपल्याकडे नुकतीच गुरं चाऱ्यावाचून गेलेली, आणि इथे गाई पोटभर खाऊन सावलीत बसल्या होत्या. मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, गाईंचाच आला असेल.

मग वळणावर ते गाव दिसलं आणि मी विलासरावांना मोटार थांबवायला सांगितलं. रस्त्याच्या एकाच बाजूला, दोन-दोन जोडून बांधलेली विटांची घरं, सगळी एका मापाची. छपरं इतकी उभी की वर माकडही टिकू नये. छपराच्या कडेला लाकडी फळ्या, त्यांवर वेलबुट्टीचं कोरीवकाम. धुराडी उंच, विटा तिरप्या लावून पिळल्यासारखी रचलेली. खिडक्यांना काचेचे लहान लहान चौकोनी तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. बोळांतून दिसणारं प्रत्येक दार एकाच गडद हिरव्या रंगाचं. आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध, वर, दगडात कोरलेला मुकुट आणि त्याखाली मालकाच्या नावाचं एक अक्षर.

गवंडीकाम पाहून माझे हात शिवशिवले. असा सांधा, अशी विटेची धार आमच्याकडे देवळालासुद्धा मिळत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हे मजुरांसाठी बांधलंय, असं विलासराव म्हणाले तेव्हा मला खरं वाटेना.

सगळं गाव ज्या उमरावांच्या मालकीचं, त्यांच्या इस्टेटीचा कारभारी मिस्टर पामर आमची वाट पाहत होता. लोकरीचा कोट, लाल चेहरा, अत्यंत सभ्य माणूस. त्यानं सगळा इतिहास सांगितला. पूर्वी गाव इथे नव्हतं, खाली होतं, आता जिथे तळं आहे तिथे. त्या वेळच्या उमरावांना वाड्याच्या गच्चीवरून गावाची गवती छपरं आणि उकिरडे दिसायचे. म्हणून त्यांनी गाव उचललं, टेकडीच्या आड आणून हे नवं बांधलं, आणि जुन्या जागी तळं केलं.

"लोकांना विचारलं होतं का?" मी म्हणालो.

पामरला प्रश्न कळला नाही. "लोकांना फारच चांगली घरं मिळाली," तो म्हणाला. "तीन निजायच्या खोल्या. आईबापांना एक, मुलांना एक, मुलींना एक. त्या काळी मजुरांना हे माहीतच नव्हतं."

मी पाहत होतो की रस्त्याकडच्या बाजूला एकही दार नाही. दारं सगळी बाजूच्या बोळात. त्याचं कारण विचारलं.

पामर हसला. "उमरावांच्या पत्नी बग्गीतून जायच्या. बायका उंबऱ्यात बसून गप्पा मारताना दिसू नयेत, म्हणून."

विलासराव हसले. सुमन हसली नाही. मी गिरणीच्या चाळीत वाढलो. माझे वडील, आप्पा, जॉबर होते, मागावरच्या माणसांचे मुकादम. आमची खोली म्हणजे चूल, पाट आणि निजायची जागा. बाकी सगळा संसार उंबऱ्यावर आणि उंबऱ्यापुढच्या ओट्यावर. तिथे भाजी निवडायची, भांडायचं, मुलाला न्हाऊ घालायचं, तिरडी बांधायची. तो ओटा काढून घेतला असता तर चाळीत माणसं राहिली नसती, नुसते कामगार राहिले असते.

आमच्या मालकानं आमची खोली निदान सुंदर तरी केली नव्हती.

इस्टेट आता काही घरं विकत होती. ट्रॅक्टर आले, दूध काढायची यंत्रं आली, इतके गडी लागत नव्हते. तळ्याकडचं शेवटचं घर विलासरावांनी ठरवलं होतं. आतून थोडा फेरफार करून न्हाणीघर काढायचं, स्वयंपाकघर मोठं करायचं. त्यासाठी मापं घेऊन मी नकाशा करून द्यायचा. मला आनंद झाला. बहिणीच्या घरी जाऊन नुसतं जेवत बसणं मला जड वाटत होतं.

मापं

दोन दिवसांनी विलासरावांनी मला तिथे सोडलं आणि ते कामावर गेले. घर रिकामं असेल, किल्ली शेजारी मिळेल, अशी माझी समजूत. मी बोळात शिरलो तर दार उघडं, आणि दारातच एक म्हातारी बाई वाटाणे सोलत बसलेली. उंच, हाडकुळी, अंगात फुलाफुलांचा एप्रन.

हातातली टेप पाहून ती लगबगीनं उठली. तिचं इंग्रजी मला निम्मंच कळत होतं. शब्दांची शेवटची अक्षरं ती आपल्या बार्शीजवळच्या वैरागकडच्या बाईसारखी गिळत होती. त्यामुळे ऐकताना मला ते आपल्या बोलीतलंच वाटे, आणि इथे मी तसंच लिहितो आहे.

"आलात व्हय शेवटी? या की आत. किती येळा सांगितलं मी कचेरीत. हितं बघा, ह्या भिताडाला ओल हाय. पार हितपर्यंत चढलीया."

ती मला हात धरून भिंतीपाशी घेऊन गेली. मी इस्टेटीकडून दुरुस्तीला आलेला माणूस आहे असं तिला वाटलं होतं. आणि ज्या घराची दुरुस्ती होते त्यातून माणसाला काढत नाहीत, हा हिशेब तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

तिचं नाव मिसेस हॉब्स. नवरा टेड इस्टेटीच्या गाई सांभाळायचा. पोरवयात लागला तो मरेपर्यंत. हिवाळ्यात गेला. घर नोकरीबरोबरचं, नोकरी नवऱ्याची, त्यामुळे सुगी झाली की घर मोकळं करायचं असं तिला सांगितलं गेलं होतं. पण ते सांगितल्याला महिने झाले होते, नंतर कुणी काही बोललं नव्हतं, आणि आता टेप घेऊन माणूस आला होता.

"तुमी हिकडचं न्हाय," ती म्हणाली. "कुटलं?"

"इंडियातला. सोलापूर."

"लई लांब असंल. बसा, माझ्या बदका, चहा टाकते."

'बदका' ऐकून मी चपापलो. त्या भागात लाडानं माणसाला बदक म्हणतात, हे सुमननं मला नंतर सांगितलं.

चहा पिता पिता मी घर पाहिलं. बाहेरून जे इतकं देखणं, ते आत अंधारं. खिडकीच्या त्या नक्षीदार काचांतून दिवसाढवळ्या वाटाण्यातली अळी दिसत नव्हती. म्हातारी म्हणून दारात बसली होती, तेही रस्त्यावरून दिसणार नाही अशा दारात. जिना कपाटात असावा तसा अरुंद. वर जाताना कपाळ फळीवर असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वरच्या तीन खोल्यांतली तिसरी दुसरीतून जाऊनच गाठायची. मुलींनी मुलांच्या खोलीतून जायचं, म्हणजे पामरची नीती जिन्यापर्यंतच.

आणि वर एक गोष्ट जुळेना. बाहेरून तळ्याच्या बाजूला मी एक खिडकी पाहिली होती. आत त्या जागी सरळ भिंत. मी खाली उतरून बाहेर गेलो. ती खिडकी नव्हतीच. विटांत खिडकीएवढा कोनाडा ठेवून तो काळा रंगवला होता, आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी काचांचे चौकोन काढले होते.

म्हातारी मागे येऊन उभी राहिली होती. "ती खोटी हाय," ती म्हणाली. "माझी पोरगी ल्हान असताना तितं उभी ऱ्हाऊन हात करायची. कोन आत हाय का म्हनून."

मी मापं घ्यायला लागलो. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, मी ते खिळ्याला अडकवायला गेलो तर तिनं काढून घेतलं. "द्या हिकडं. टेड काय बी मोजायला लागला की मीच धरायची." ती एका कोपऱ्यात वाकली, मी दुसऱ्या कोपऱ्यात. ती ओलीबद्दल बोलत होती. गिलावा काढून पुन्हा करणार का, हिवाळ्याआधी होईल का, तोवर पलंग कुठे सरकवू.

स्वयंपाकघरात आल्यावर माझ्यानं पुढे होईना.

"मिसेस हॉब्स," मी म्हणालो, "मी दुरुस्तीला आलो नाही. माझी बहीण हे घर विकत घेणार आहे. तिच्यासाठी मी मापं घेतोय."

ती वाकलेलीच राहिली. टेपचं टोक तिच्या अंगठ्याखाली होतं. मग हळूहळू सरळ झाली.

"विकलं व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं कुना गड्याला देत्याल. गड्याला लागतंय घर. ती रीत हाय."

तिनं मोकळा हात एप्रनला पुसला.

"तुमची बहीन ती डाक्टरीन का? दुकानात बघितलीया. चांगली हाय दिसाया."

मी टेप गुंडाळायला घेतली. तिनं टोक सोडलं नाही.

"आता आलाय तर घ्या की मापं. चुकीचं न्हेऊन काय करशिला?"

आणि ती पुन्हा वाकली.

सुमन

संध्याकाळी मी सुमनला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मला वाटलं होतं की तिला हे माहीत नसेल.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पामर म्हणाला तिची सोय करणार आहेत. शहरात म्हाताऱ्या माणसांसाठी खोल्या आहेत, तिथे."

"तिला त्या घरातून जायचं नाही."

"कुणाला जायचं असतं?"

मग मी नको ते बोललो. म्हणालो, चाळीतून आपण कसे निघालो ते तुला आठवत नसेल, तू लहान होतीस.

तिनं कणकेचे हात तसेच धरले. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून चाळीतली भाषा मी ऐकली नव्हती.

"मला आठवत न्हाय असं वाटतं व्हय तुला? सगळं आठवतंय. आप्पा गेल्यावर गिरणीचा माणूस आला. आईनं भांडी ओट्यावर मांडली. नवी माणसं आधीच येऊन बसली हुती, स्टो घिऊन. आमी निघायची वाट बघत. त्या बाईनं मला गूळ-शेंगा दिल्या. मी खाल्ल्या. आई मला मारली त्यापायी. पण दादा, ती बाई वाईट न्हवती. तिला बी घर पायजे हुतं."

तिनं कणीक पुन्हा परातीत आपटली.

"वैरागला मामाच्या गोठ्याशेजारी ऱ्हायलो. तितनं हॉस्टेल. मग क्वार्टर. मग हितं क्वार्टर. चौतीस वर्साची झाले मी. एक भिताड माझं न्हाय. आता मिळतंय तर तू मला सांगतोस, कुनाचं हाय म्हनून? सोलापुरात तू नकाशे काढतोस, तिथं आधी कोन ऱ्हात हुतं ते विचारतोस कधी?"

 विलासराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "दादा, आपण न्हाय घेतलं तर लंडनचा कुणीतरी घेणार. शनिवार-रविवार हवा खायला. आपण निदान राहणार तरी." खरं होतं. त्या ओळीतली दोन घरं आधीच तशी गेली होती. पडदे ओढलेले, आणि दारापुढे गवत कापलेलं.

पण सुमन त्या रात्री जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मला न सांगता एकटीच मिसेस हॉब्सकडे गेली. परत आली ती ओठ घट्ट मिटून. तिनं म्हातारीला म्हटलं होतं, घर आम्ही घेतो, तुम्ही खालच्या खोलीत राहा, जन्मभर राहा.

"मग?"

"म्हणाली, उपकार झाले. म्हणाली, माझी चार बाळंतपणं या घरात झाली. आता इथे कुणाच्या मर्जीवर झोपू?" सुमननं पर्स खुंटीवर अडकवायला हात वर केला. तिथे खुंटी नव्हती. पर्स तिनं खुर्चीवर ठेवली. "मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते."

कचेरीत

मी पामरकडे गेलो. सुमनला न विचारता गेलो. वाड्याच्या तबेल्यांत आता कचेरी आहे. भिंतीवर घोड्यांची चित्रं, आणि गावाचा मूळ नकाशा काचेत लावलेला. शाईचं काम अप्रतिम होतं. प्रत्येक विटेची सावली काढलेली.

मी म्हणालो, ती बाई आहे तोवर तिला राहू द्या, आम्ही थांबायला तयार आहोत. हे 'आम्ही' माझं मीच ठरवलं होतं.

पामरनं मला चहा दिला. "तुमच्या भावना मी समजतो," तो म्हणाला. "पण तिला ठेवलं तर बाकीच्या विधवांना काय सांगू? आणि तिची सोय उत्तम केली आहे. गरम पाणी, वर पंख्यासारखी हवा. आम्ही कुणाला रस्त्यावर टाकत नाही."

"बाग आहे का?"

"खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. बाग कशी असेल?"

मग मी त्या खोट्या खिडकीचं विचारलं. ती फोडून खरी करायची सुमनची इच्छा होती. पामरनं खेदानं मान हलवली. विक्रीची अट होती की बाहेरून काहीही बदलायचं नाही. दाराचा रंगसुद्धा तोच.

"पण त्या बाजूला खिडकी ठेवलीच का नाही?"

"तिकडून वाड्याची बाग दिसली असती. बागेत फिरणाऱ्यांना कुणी वरून पाहतंय असं वाटू नये. आणि नुसती कोरी भिंत कुरूप दिसली असती, नाही का?"

तो हे अगदी सहज म्हणाला. कारखान्याचं धुराडं का उंच असतं ते सांगावं तसं. मी काचेतल्या नकाशाकडे पाहिलं. माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी, शंभर वर्षांपूर्वी, ते काळे चौकोन पट्टी लावून आखले होते. त्यालाही कुणी मालकानं सांगितलं असणार. मीही लोकांनी सांगितलेलंच काढतो.

घर मोकळं झालं

सुगी झाली. शेतं कापून बोडकी झाली. गावातल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गहू, भोपळे, सफरचंदं रचून सुगीचा सण केला. आम्हीही गेलो. आमच्या बाकावर आमच्याशेजारी कुणी बसलं नाही. दुकानातली बाई सुमनशी पूर्वी हवापाण्याचं बोलायची, ती आता वस्तू ठेवून पैसे उचलायची. एकदा आम्ही बाहेर पडत असताना मागून स्पष्ट ऐकू आलं, "बाहेरची माणसं येऊन आपली घरं घेतात." लंडनवाल्यांनी दोन घेतली तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं, असं विलासराव म्हणाले. मी म्हणालो, विकणारा तर इथलाच आहे. विलासराव म्हणाले, "त्याला कोण बोलणार?"

ते मी पुढे डोळ्यांनी पाहिलं.

मिसेस हॉब्स निघाली त्या दिवशी सकाळीच आम्ही गेलो. किल्ली त्याच दिवशी मिळायची होती. सगळी ओळ बाहेर आली होती. पुरुष तिचा पलंग, घड्याळ, टेडची खुर्ची टेम्पोत चढवत होते. बायका घोळक्यानं उभ्या. आम्ही रस्त्याच्या पलीकडे थांबलो, तिघंच. कुणी आमच्याकडे पाहत नव्हतं, आणि सगळे पाहत होते.

तेवढ्यात वाड्याकडून एक जुनी, चिखलानं भरलेली मोटार आली. उमराव स्वतः चालवत होते. मोटार थांबली. क्षणात सगळ्या पुरुषांच्या टोप्या खाली आल्या. पलंगाचा पाय धरलेल्या माणसानं तो खाली ठेवून टोपी काढली. उमराव उतरले, मिसेस हॉब्सचा हात हातात घेतला, टेडसारखा माणूस पुन्हा होणार नाही म्हणाले, आणि वाड्याच्या काचघरातल्या द्राक्षांची परडी तिला दिली. म्हातारीनं गुडघे किंचित वाकवून आभार मानले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बायका डोळे पुसत होत्या. उमराव आमच्याकडे पाहून सौजन्यानं हसले आणि गेले.

टोप्या पुन्हा डोक्यांवर गेल्या आणि सगळे चेहरे आमच्याकडे वळले.

मी आयुष्यात पुष्कळ राग पाहिला आहे. गिरणीच्या संपातला पाहिला आहे. पण तो निदान मालकाच्या बंगल्याकडे तोंड करून असायचा.

पामरनं मिसेस हॉब्सकडून किल्ली घेतली. चार पावलं चालत रस्ता ओलांडला आणि सर्वांसमोर सुमनच्या हातावर ठेवली. "अभिनंदन," तो म्हणाला. टेम्पोवाल्यानं इंजिन सुरू केलं. सुमननं रस्ता ओलांडला, बोळात गेली, दारात उभी राहिली. आत जायचं तिला सुचत नव्हतं. मी तिच्या मागे होतो.

मिसेस हॉब्स टेम्पोत चढता चढता थांबली. काहीतरी राहिलं होतं. ती वळून बोळात आली. सुमन दारात. दोघी समोरासमोर.

"माझी किटली चुलीवर ऱ्हायली," ती म्हणाली. मग थोडी थांबली. "येऊ का आत?"

सुमन बाजूला झाली. "या," म्हणाली.

म्हातारीनं बूट पायपुसण्यावर पुसले, नीट, दोन्ही. आत गेली, किटली घेतली, आणि इकडे-तिकडे न पाहता बाहेर आली. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. टेम्पो गेला. ओळीतली दारं एकामागून एक लागली.

दुपारी आम्ही रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलो. विलासराव बाजारातून तळलेले बटाटे घेऊन आले होते, पेपरात गुंडाळलेले. काचांतून येणाऱ्या थोड्याशा उजेडात ते तेलकट पुडकं आमच्या मध्ये पडून होतं. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा चौकोन राहिला होता. ओल तशीच होती. विलासराव वरच्या मजल्यावर गेले, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता.

"दादा," सुमन म्हणाली, "तिनं मला विचारलं."

"ऐकलं मी."

"'विचारता काय, तुमचंच घर आहे,' असं म्हणायला पाहिजे होतं. मी 'या' म्हणाले."

"घाईत म्हणालीस."

"घाईत नाही." ती भिंतीला टेकली, हाताचा तळवा गिलाव्यावर सपाट ठेवला. "ती आत येऊ का म्हणाली, आणि मी या म्हणाले. आणि दादा, मला बरं वाटलं."